लाल उजेड आणि ‘आलेलं’ तोंड : एका छोट्या उपचाराचा इतिहास

मंडळी, मुळशीत उभं राहून उजेडावर बोलायचं तर आधी धरणाचं नाव घ्यावं लागतं. मुंबईचा उजेड इथल्या पाण्यातून निघाला. निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमावर टाटांच्या वीज कंपनीने बांध घातला, ते पाणी सह्याद्रीखाली कोकणात भिऱ्याला उतरवलं आणि १९२७ साली तिथलं वीजघर सुरू झालं. त्यासाठी पन्नासच्या आसपास गावांची भातखाचरं गेली. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला, ‘जान किंवा जमीन’ ही त्याची घोषणा होती, आणि पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. हे आम्ही तुम्हाला सांगायला नको. तुमच्यापैकी काहींच्या पणज्यांनी ते अंगावर झेललेलं आहे.

आजचा उजेड वेगळा आहे. तो फार थोडा आहे, हाताच्या तळव्यावर पाडला तर ऊबही लागणार नाही इतका. अस्थिमज्जा प्रत्यारोपण, म्हणजे आपण ज्याला बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणतो, ते झालेल्या माणसाच्या तोंडात जे भयंकर व्रण होतात, ते होऊ नयेत म्हणून हा लाल उजेड तोंडात टाकतात. आम्ही डॉक्टर नाही. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्र शिकवलं. पण हा उपचार कसा सापडला, त्याच्यावर विश्वास बसायला एवढी वर्षं का लागली, हा इतिहास आम्हाला आमच्याच विषयातला वाटतो. काहीतरी ‘कळलं’ असं आपण केव्हा म्हणायचं, हा त्यातला प्रश्न आहे.

त्या धाग्याचं एक टोक टाटांच्याच घरात आहे. मुळशीचं धरण झालं तेव्हा उद्योगाच्या प्रमुखपदी सर दोराबजी टाटा होते. त्यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली ल्युकेमियाने, रक्ताच्या कर्करोगाने, वारल्या. दोराबजींनी १९३२ मध्ये पत्नीच्या नावाने ल्युकेमियाच्या संशोधनासाठी निधी उभारला आणि त्याच वर्षी तेही गेले. पुढे त्यांच्या नावाच्या न्यासाने २८ फेब्रुवारी १९४१ ला परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू केलं. आता यावरून कोणी असा हिशेब मांडू नये, की मुळशी बुडाली म्हणून परळला इस्पितळ झालं. एक गोष्ट आधी घडली, दुसरी नंतर घडली, एवढ्याने पहिली दुसरीचं कारण होत नाही. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आम्ही हेच शिकवत होतो. ज्यांची जमीन गेली त्यांचा हिशेब वेगळा आहे आणि कोणत्याही दानाने तो मिटत नाही. नातं आहे ते इतकंच, की या तालुक्यातल्या एखाद्या घरात रक्ताचा कर्करोग निघाला, तर आजही पहिलं नाव निघतं ते ‘टाटा’चं.

त्याच टाटा रुग्णालयात मार्च १९८३ मध्ये भारतातलं पहिलं यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं. रुग्ण नऊ वर्षांची मुलगी, मज्जा तिच्या भावाची. करणारे डॉक्टर सुरेश अडवाणी. लहानपणीच्या पोलिओमुळे ते चाकाच्या खुर्चीतून काम करतात. हे तंत्र ते अमेरिकेत सिॲटलला जाऊन डॉ. डॉनल थॉमस यांच्याकडे शिकले होते. थॉमस यांचा १९५७ सालचा पहिला निबंध वाचला तर मन खचतं. सहा रुग्ण, आणि त्यातला एकही शंभर दिवसांपलीकडे जगला नाही. पुढचं दशक जवळजवळ सगळं अपयशाचं गेलं, बऱ्याच डॉक्टरांनी नाद सोडला. थॉमस यांनी सोडला नाही. १९७७ साली त्यांनी शेवटच्या टप्प्यातल्या शंभर ल्युकेमियाग्रस्तांची हकीकत छापली. त्यात तेरा जण रोगमुक्त जगत होते. तेरा म्हणजे शेकडा तेरा, पण त्याआधी हा आकडा शून्य होता. १९९० साली त्यांना नोबेल मिळालं.

प्रत्यारोपणात करतात काय, ते थोडक्यात. रुग्णाची आजारी मज्जा आधी पूर्ण जाळून टाकतात. त्यासाठी केमोथेरपीचे जबर डोस, कधी सगळ्या शरीरावर किरणोत्सर्ग. मग दात्याच्या किंवा रुग्णाच्याच आधी काढून ठेवलेल्या मूळपेशी रक्त चढवावं तशा शिरेतून सोडतात. त्या पेशी आपली वाट शोधत हाडांच्या पोकळीत जातात आणि तिथे रुजतात. ‘रोपण’ हा आपला शब्द इथे अगदी चपखल बसतो. भाताची लावणी करणाऱ्या तालुक्याला तो समजावून सांगायला नको. पण रोप रुजेपर्यंतचे दोन-तीन आठवडे शरीरात पांढऱ्या पेशी जवळजवळ नसतात. राखणदाराविना शेत.

आणि याच आठवड्यांत तोंड जातं.

केमोचं औषध कर्करोगाच्या पेशी ओळखत नाही. ते फक्त भराभर वाढणाऱ्या पेशी ओळखतं. केस, मज्जा, आतड्याचं अस्तर आणि तोंडाचं अस्तर, ही सगळी शरीरातली सतत नवी होत राहणारी ठिकाणं. तोंडाच्या आतली कातडी आठवड्या-दोन आठवड्यांत पूर्ण नवी होते. जुनी झडत राहते आणि केमोमुळे नवी येत नाही, म्हणून पाच-सात दिवसांनी तोंड लाल होतं, मग सोलवटतं, मग गालाच्या आत, जिभेखाली, ओठांच्या आतल्या बाजूला पांढरट चट्टे पडतात. वैद्यकात याला म्युकोसायटिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच्या पायऱ्या ठरवल्या आहेत, शून्यापासून चारपर्यंत. दोनवर व्रण असतात पण माणूस भात-पोळी खातो. तीनवर फक्त पातळ जातं. चारवर तोंडाने काहीच जात नाही, थुंकी गिळणंही होत नाही, शिरेतून अन्न आणि शिरेतून मॉर्फिन.

मराठीत या सगळ्याला शब्द काय? ‘तोंड येणं’. तोंड तर आपल्याला सगळ्यांनाच येतं. उष्णतेनं येतं, जागरणानं येतं, आजी तूप लावते, दोन दिवसांत जातं. शब्द ओळखीचा असला की दुःखही ओळखीचं वाटायला लागतं आणि मग लहान वाटायला लागतं. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मुलाचं प्रत्यारोपण झालं. नातेवाईक फोनवर विचारत, आता कसा आहे? तो सांगे, बाकी ठीक, तोंड आलंय जरा. आणि काचेपलीकडे तो मुलगा पाटीवर लिहून बोलत होता, कारण जीभ हलवली की डोळ्यांतून पाणी येत होतं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहून टाटा रुग्णालयात खेपा घालणारी जी कुटुंबं आहेत, त्यांना विचारा. पेज करून द्यावी, मुगाचं कढण करून द्यावं, एवढंच तर आई करू शकते. आणि तेच घशाखाली जात नाही.

डॉक्टरांचाही एक शब्द होता, तो म्हणजे ‘होणारच’. जीव वाचवायला निघालोत, तोंड सोलणारच. मॉर्फिन द्या, गुळण्या करवा, पांढऱ्या पेशी आल्या की आपोआप भरून येईल. हे खोटं नव्हतं. भरून यायचंच. पण अपरिहार्य आहे असं एकदा ठरलं की कोणी मोजायला जात नाही, आणि कोणी मोजलं नाही की ते अपरिहार्यच राहतं. हा तर्कदोष आम्ही वैद्यकातच पाहिला असं नाही. धरण होणारच, गावं जाणारच, हे वाक्यही याच व्याकरणाचं आहे.

मोजायला सुरुवात झाली ती विसाव्या शतकाच्या अगदी शेवटी. अमेरिकेत प्रत्यारोपण झालेल्या लोकांना नंतर विचारलं, की सगळ्यात असह्य काय वाटलं? उलट्या, केस जाणं, एकांतवास, अशक्तपणा, सगळं त्यांच्यासमोर होतं. पण सर्वाधिक लोकांनी बोट ठेवलं ते तोंडाच्या व्रणांवर. मग २००१ मध्ये बोस्टनचे स्टीफन सोनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला. व्रणांच्या मोजपट्टीवर एका अंकाने तीव्रता वाढली, तर गंभीर संसर्गाचा धोका दुपटीच्या वर आणि पहिल्या शंभर दिवसांत मृत्यूचा धोका चौपटीच्या जवळ दिसला. कारण उघड आहे. तोंड हे जंतूंचं गाव, अस्तर ही गावकूस, ती पडली की जंतू थेट रक्तात. आणि आत राखणदार पांढऱ्या पेशी नाहीत. अर्थात इथेही आम्ही आमचा जुना इशारा देऊन ठेवतो. दोन गोष्टी बरोबरीने वाढल्या म्हणजे एक दुसरीचं कारण ठरलीच असं नाही, जास्त आजारी माणसाचं तोंडही जास्त बिघडत असेल. पण ‘आपोआप भरून येईल, चालायचंच’ असं म्हणण्याची सोय मात्र त्या दिवसापासून गेली.

आता उजेडाकडे येऊ.

उजेडाने माणूस बरा होतो हे तुम्हाला माहीत आहे. घरात नातवंड जन्मलं, कावीळ वाढली म्हणून निळ्या दिव्याखाली ठेवलं, हे इथल्या निम्म्या घरांत झालं असेल. तो दिवा आला कुठून? १९५६ साली इंग्लंडमध्ये एसेक्सच्या एका रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड बाळांना उन्हात बाहेर नेत असत. त्यांच्या लक्षात आलं, की ऊन लागलेली कातडी कमी पिवळी दिसते आणि दुपट्याखाली झाकलेली तेवढीच पिवळी राहते. एका बाळाच्या अंगावर तो पट्टा स्पष्ट दिसत होता. डॉक्टरांना तिने तो दाखवला. आधी पाहणं झालं, स्पष्टीकरण मागाहून आलं.

त्याही आधीचे नील्स फिन्सेन. जन्म फेरो बेटांवर, काम कोपनहेगनला, स्वतः कायम आजारी. चेहरा कुरतडणारा एक क्षयरोग असतो, लुपस व्हल्गारिस. त्यावर फिन्सेन यांनी कार्बनच्या दिव्याचा प्रखर उजेड स्फटिकाच्या भिंगांतून सोडला. प्रत्येक रुग्णाजवळ एक परिचारिका बसे आणि पाण्याने थंड ठेवलेलं भिंग कातडीवर दाबून धरे. चेहरे भरून आले. १९०३ चं नोबेल त्यांना मिळालं. फिन्सेन यांना वाटत होतं, की अतिनील किरणांतला सर्वांत आखूड लहरींचा भाग जंतू मारतो. शंभर वर्षांनी, २००५ साली, डॅनिश संशोधकांनी त्यांची जुनी भिंगं तपासली. निघालं असं, की त्या यंत्रणेतून तो आखूड लहरींचा भाग पलीकडे जातच नव्हता. बहुधा जंतूंच्या आतल्या रंगद्रव्यांवर लांब लहरींचा परिणाम होत असावा. म्हणजे उपचार खरा, स्पष्टीकरण चुकीचं, आणि नोबेल दोन्हींना मिळून! आमच्या वर्गात आम्ही हे उदाहरण फार आवडीने सांगत असू.

१९६० च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियात थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर काढला. एकाच रंगाचा, एका दिशेचा उजेड. पहिली कल्पना सगळ्यांना सुचली ती जाळण्याची. बोस्टनमध्ये पॉल मॅकगफ यांनी लेसरने प्राण्यांमधल्या गाठी नष्ट करून पाहिल्या. बुडापेस्टचे शल्यविशारद एंड्रे मेस्टर यांनी तेच करायचं ठरवलं. उंदरांची पाठ भादरली, लेसर टाकला. त्यांच्या यंत्राची ताकद कमी होती, म्हणून गाठी काही जळल्या नाहीत. पण भादरलेल्या जागी केस लवकर उगवले आणि जखमा लवकर भरल्या. हे १९६७ चं. दुसऱ्या एखाद्याने यंत्राला नावं ठेवून वही मिटली असती. मेस्टर यांनी प्रश्न बदलला. हा उजेड जाळत नाही, तर मग करतो काय? पुढची वर्षं ते न भरणाऱ्या जुनाट जखमांवर हाच मंद लेसर वापरत राहिले.

आणि इथून या उपचाराचं दुर्दैव सुरू झालं. लोखंडी पडद्यापलीकडे, हंगेरीत आणि रशियात, तो लोकप्रिय झाला. कशावरही लेसर! गुडघा, पाठ, केस गळणं, वंध्यत्व. यंत्रं विकणाऱ्यांनी तर ताळतंत्र सोडलं. जे सगळ्यावर चालतं ते कशावरच चालत नसावं असा शहाण्या माणसाचा ग्रह होतो, आणि तो ग्रह बहुतेक वेळा बरोबर असतो. पाश्चात्त्य वैद्यकाने या मंद लेसरला भोंदूंच्या पंगतीत बसवलं. आम्ही त्यांना दोष देत नाही. संशय घेणं हे विज्ञानाचं काम आहे. फक्त संशयाचंही ओझं कोणीतरी वाहत असतं. इथे ते पाटीवर लिहून बोलणारे वाहत होते.

मग कोंडी फुटली कशी? १९९२ मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरात केमोच्या रुग्णांवर पहिले प्रयत्न छापून आले. प्रत्यारोपणाच्या रुग्णांवरचा अमेरिकेतला एक प्रयोग १९९५ मध्ये आला, आणि आम्हाला तो या सगळ्या इतिहासातला सर्वांत देखणा वाटतो. त्यांनी तोंडाचे दोन भाग केले. एका बाजूला लेसर टाकला, दुसऱ्या बाजूला नुसतं नाटक केलं. माणूस तोच, केमो तीच, रक्त तेच, लाळ तीच, फरक फक्त उजेडाचा. लेसर मिळालेल्या बाजूचे व्रण सौम्य होते.

आमच्या न्यायशास्त्रात याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. हे असलं की ते असतं, हे नसलं की ते नसतं. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ मध्ये हीच रीत भेदपद्धती म्हणून मांडली. व्यवहारात अडचण अशी, की बाकी सगळं समान आणि एकच गोष्ट वेगळी असं जगात कुठे सापडत नाही. दोन माणसं कधी सारखी नसतात. पण एका माणसाचे दोन गाल? त्याहून सारखं काय मिळणार! सिस्टर वॉर्डच्या बाळाची झाकलेली आणि उघडी कातडी आठवा. तर्क तोच आहे.

१९९७ मध्ये मार्सेय शहरात तीस रुग्णांवर दुहेरी आंधळा प्रयोग झाला. म्हणजे कोणाला खरा उजेड मिळाला ते रुग्णालाही माहीत नाही आणि तोंड तपासणाऱ्यालाही नाही. लेसर दिला तो प्रत्यारोपणाआधीचे पाच दिवस, रोज. जखम व्हायच्या आधीच, हे महत्त्वाचं. ज्यांना खरा लेसर मिळाला त्यांचं तोंड कमी बिघडलं आणि त्यांना मॉर्फिनही कमी लागलं. त्यानंतर अमेरिकेतल्या मिलवॉकीचा एक गोड प्रयोग आहे. अंतराळयानात रोपं वाढवायला नासाने लाल एलईडी दिवे बनवून घेतले होते, ६७० नॅनोमीटरचे. तिथल्या डॉक्टरांनी तेच दिवे प्रत्यारोपण झालेल्या मुलांच्या गालावर बाहेरून धरले. सोललेलं तोंड उघडायला लहान मूल तयार होत नाही. आईला हे सांगावं लागत नाही, संशोधकांना शिकावं लागतं.

आणि २००७ मध्ये सिॲटल. जिथे थॉमस यांनी प्रत्यारोपण घडवलं, जिथे आपले अडवाणी शिकले, त्याच केंद्रात सत्तर रुग्णांचे तीन गट केले. एकाला ६५० नॅनोमीटरचा लाल लेसर, एकाला ७८० चा, म्हणजे डोळ्याला जवळपास न दिसणारा, आणि एकाला खोटा. लाल गटात वेदना कमी राहिल्या. ७८० च्या गटाला फायदा दिसला नाही. ‘उजेड दिला की बरं वाटतं’ असा हा मनाचा खेळ असता, तर दोन्ही गटांना सारखंच बरं वाटायला हवं होतं.

कर्करोगातल्या सहाय्यक उपचारांसाठी एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिच्या मार्गदर्शक सूचना वाचल्या की विश्वास कसा पायरीपायरीने चढतो ते दिसतं. २००४ मध्ये सूर असा, की ज्या केंद्रांकडे यंत्र आणि शिकलेली माणसं आहेत त्यांनी करून पाहायला हरकत नाही. २०१४ मध्ये स्पष्ट शिफारस, मापांसकट : ६५० नॅनोमीटर, ४० मिलिवॉट, दर चौरस सेंटिमीटरला २ ज्यूल. २०२० मध्ये ती कायम राहिली आणि तोंड-घशाच्या किरणोपचारालाही लागू झाली. मधल्या काळात नावही बदललं. मंद लेसर उपचाराऐवजी ‘फोटोबायोमॉड्युलेशन’. नाव जड आहे, पण जुन्या नावाला चिकटलेली भोंदूगिरी झटकायची तर नवं नाव लागतं. समाजात माणसंही असं करतात.

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, पण उजेड करतो काय? सगळ्यांत चालणारं उत्तर असं. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या ज्या कोठड्या असतात, मायटोकॉन्ड्रिया, त्यांत सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं एक विकर आहे आणि ते लाल उजेड शोषतं. रशियातल्या टीना कारू यांनी ऐंशीच्या दशकापासून ही बाजू लावून धरली. उजेड शोषला की पेशीची ऊर्जा वाढते, दाह उतरतो, अस्तर तग धरतं. यावर आजही वाद आहे, आणि फिन्सेन यांच्या भिंगांची गोष्ट ऐकलेल्या माणसाने या स्पष्टीकरणावर फार पैज लावू नये. पण उपचार त्याच्यावर अडून नाही. आपल्याकडे चरकाने प्रमाणं चार सांगितली : आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. ही चौथी, युक्ती, इतर दर्शनांत वेगळं प्रमाण म्हणून सहसा भेटत नाही. अनेक कारणं योग्य प्रमाणात एकत्र जुळली की फळ येतं, हे ओळखणारी बुद्धी म्हणजे युक्ती. पाणी, नांगरट, बी आणि हंगाम जुळले की पीक, हा चरकाचाच दाखला आहे. या लेसरचं तसंच आहे. कमी टाकला तर काही नाही, जास्त टाकला तर फायदा उलट घटतो. रंग, जोर, वेळ, जागा जुळावं लागतं. म्हणूनच पूर्वीचे कितीतरी प्रयोग फसले आणि त्या फसण्यावरून उपचारच खोटा ठरवला गेला.

भारताचं काय? आपल्याकडे या विषयातलं मोठं काम मणिपालला झालं, आणि ते केलं फिजिओथेरपीच्या लोकांनी. प्रत्यारोपणाचे नव्हे, तोंड-घशाच्या कर्करोगाचे रुग्ण होते, कारण तंबाखूच्या या देशात ते अमाप आहेत. हेलियम-निऑन लेसर वापरून त्यांनी २००६ मध्ये पहिले निष्कर्ष छापले आणि २०१२ मध्ये २२१ रुग्णांचा नीट वाटणी केलेला प्रयोग. वेदना कमी, व्रण कमी. मोठ्या देशांनीही लक्ष द्यावं असं काम आपल्या शेजारच्या राज्यात, दंतवैद्य आणि फिजिओथेरपिस्ट यांच्या हातून झालं, याचा आम्हाला आनंद वाटतो. तोंडाच्याच कर्करोगात एक प्रश्न मात्र उरतो, की हा उजेड उरलेल्या कर्करोगी पेशींनाही बळ देईल का. म्हणून गाठीच्या जागेवर तो टाकावा का याबद्दल तज्ज्ञ जपून बोलतात आणि रुग्णाला हे आधी सांगावं असा आग्रह धरतात.

अडचण कुठे आहे? आमच्या मते ती माणसांच्या वेळेत आहे. तोंडातल्या एकेका बिंदूवर काही सेकंद, असे कितीतरी बिंदू, रुग्णामागे वीस-तीस मिनिटं, रोज, दोन-तीन आठवडे. यंत्र एकदा विकत घेता येतं, पण ही मिनिटं रोज द्यावी लागतात. फिन्सेन यांच्या शेजारी बसलेली ती परिचारिका आठवा. सव्वाशे वर्षांत यंत्र बदललं, तिची खुर्ची तिथेच आहे. ज्या केंद्रात हे होत नाही, तिथे निदान बर्फ तरी असावा. मेल्फॅलन नावाचं औषध शिरेतून देत असताना तोंडात बर्फाचे तुकडे चघळले तर रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध तोंडाच्या अस्तरापर्यंत कमी पोचतं. याचाही पुरावा चांगला आहे, शिफारसही आहे. फुकट आहे म्हणून त्याची जाहिरात कोणी करत नाही, एवढंच.

आणि प्रत्यारोपण ठरलं की त्याआधी दातांच्या डॉक्टरांकडे जाणं. किडलेला दात, सुजलेली हिरडी आधीच निस्तरावी लागते. आपल्या मावळात बायका अजून मिसरी लावतात. तपासणीत ती लपवू नये. ओशाळण्यासारखं त्यात काही नाही, पण डॉक्टरांना ती माहीत हवी.

आणखी एका टप्प्याबद्दल बोललं पाहिजे. मज्जा दुसऱ्याची असेल तर काही महिन्यांनी पाहुण्या पेशी यजमानाच्याच घरावर उठतात. याला ग्राफ्ट व्हर्सस होस्ट आजार म्हणतात. तोंड कोरडं पडतं, आत पांढऱ्या जाळ्या धरतात, मिरचीचा कण सहन होत नाही. इथेही उजेड वापरतात, पण अगदी वेगळ्या रीतीने. सोरॅलेन नावाचं द्रव्य आणि अतिनील किरण मिळून भडकलेल्या पेशींना शांत करायचं. कधी किरण थेट तोंडात, कधी रक्त बाहेर काढून त्यातल्या पेशींवर किरण टाकून परत आत. सोरॅलेन आपल्या बावचीतही असतं. कोडावर बावचीचा लेप लावून उन्हात बसायचं हे आयुर्वेदाला जुनं माहीत आहे. ते ऐकून कोणीतरी लगेच म्हणतं, बघा, लेसर आपल्याकडे होताच. नव्हता. बावची होती, ऊन होतं आणि लक्ष देऊन पाहणारी माणसं होती. तेवढं पुष्कळ आहे, त्याला लेसरची झूल चढवायची गरज नाही. मंद लाल उजेडाचे प्रयोग या जुनाट आजारावरही सुरू आहेत, पण ते अजून लहान आहेत. व्रण रोखण्याइतका भक्कम पुरावा तिथे जमलेला नाही, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी प्रत्यारोपण ठरलं असेल तर डॉक्टरांना विचारायचा प्रश्न सोपा आहे : तोंडासाठी तुमच्याकडे काय करतात, आणि ते केमोच्या आधीपासून करता का? ‘तोंड येणारच’ असं उत्तर आलं, तर शांतपणे पुन्हा विचारा. वेळ संपत आलाय. मागच्या रांगेतल्या ताईंचा हात मघापासून वर आहे, आधी त्यांचा प्रश्न घेऊ.